दुचाकीचा योगक्षेम

९ जून २०२५ च्या सकाळीं मुंब्र्याजवळ लोकल गाड्यांच्या दारांत लटकणारे प्रवासी खालीं पडून त्यांपैकीं कांहींनीं प्राण गमावले, ही वार्ता वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्या दिवशीं डोंबिवलींत असें घर क्वचितच असेल कीं जेथून कामावर गेलेल्या माणसास फोन केला गेला नाहीं. आमच्याहि घरून तो गेला. माझा धाकटा पुतण्या ठाण्यास घोडबंदर रस्त्यावरील एका कचेरींत नोकरीस आहे. तो याच वाटेनें आणि बहुधा याच सुमारास जातो. दैवयोगानें त्या दिवशीं तो आधींच्या गाडीनें पुढें गेला होता. रात्रीं पानें मांडलीं गेलीं, तेव्हां आमच्या मातोश्री, ज्यांचें वय आज शहाऐंशीं वर्षांचें आहे, स्पष्ट म्हणाल्या, "उद्यांपासून त्यानें त्या गर्दींत जायचें नाहीं. त्याला एक फटफटी घेऊन द्या."

माझे बंधु, म्हणजे मुलाचे वडील, हातांतला घास तसाच ठेवून म्हणाले, "आई, हें आगींतून फुफाट्यांत पडण्यासारखें आहे. गाडींतून पडायचा तो फटफटीवरून पडेल."

दोघांचेंहि म्हणणें प्रेमापोटीं होतें आणि दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें. घरांत हिशोबाची वही माझ्याकडे असल्यामुळें निर्णय माझ्याकडे आला. मी पडलों जुन्या वळणाचा मास्तर. मॅट्रिकपुढें माझें शिक्षण झालें तें संस्कृत पाठशाळेंत, यंत्रशाळेंत नव्हे. परंतु जी वस्तु घरांत आणावयाची तिची पुरती चौकशी केल्यावांचून पैसा मोकळा करावयाचा नाहीं, हा आमच्या घराचा शिरस्ता आहे. त्या चौकशींत मला जें कळलें, आणि पुढें अनुभवानें जें शिकावें लागलें, तें इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें लिहीत आहें.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. माझ्या लहानपणीं फटफटी ही वस्तु डॉक्टर, फौजदार किंवा एखादा हौशी धनिक यांच्याकडेच दिसे. मद्रासेस १९५५ पासून एन्फील्ड गाड्या जोडल्या जाऊं लागल्या. म्हैसुरास जावा व उत्तरेकडे राजदूत निघूं लागल्या. पण मध्यमवर्गीय गृहस्थाचें मन ओढलें होतें तें पुण्याजवळ आकुर्डीस तयार होणाऱ्या बजाजच्या स्कूटरनें. तिच्यासाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि मुलाच्या जन्मीं नोंदविलेली गाडी त्याच्या मुंजीस येते असा विनोद लोक करीत. या बहुतेक गाड्यांचें इंजिन टू-स्ट्रोक पद्धतीचें असे. त्यांत दट्ट्याच्या दोनच हेलकाव्यांत सारें काम उरकावें लागतें. जळालेला धूर बाहेर जात असतांनाच ताजें पेट्रोल व हवा आंत शिरतात, आणि त्या गडबडींत थोडें ताजें पेट्रोलहि धुराबरोबर वायां जातें. शिवाय पेट्रोलांतच तेल मिसळावें लागे, म्हणून मागें निळसर धूर.

हें चित्र पालटलें १९८५ साली. हिरो आणि जपानची होंडा यांच्या भागीदारींतून हरियाणांतील धारूहेरा येथें सी.डी. १०० ही गाडी निघाली. तिचें इंजिन फोर-स्ट्रोक होतें: ओढणें, दाबणें, जाळणें आणि बाहेर टाकणें, अशीं चार कामें चार हेलकाव्यांत निरनिराळीं. त्यामुळें पेट्रोल वायां जाणें थांबलें आणि एका लिटरांत गाडी पूर्वीच्या मानानें फार लांब जाऊं लागली. १९९४ मध्यें त्याच घराण्यांतली स्प्लेंडर आली. पुढें ती भागीदारी सुटली, तरी ९७.२ घनसेंटिमीटरचें तें लहान इंजिन अजून टिकून आहे. बजाजची प्लॅटिना, होंडाची शाइन १०० इत्यादि गाड्या याच जातीच्या. कचेरींत जाणाऱ्या सामान्य माणसाची स्वस्त मोटरसायकल म्हणतात ती हीच.

आतां मुख्य विषयाकडे वळतों. आपण सहज बोलण्यांत 'योगक्षेम' हा शब्द 'उदरनिर्वाह' या अर्थीं वापरतों. परंतु शास्त्रकारांनीं त्याचे दोन भाग केले आहेत. जें आपल्याजवळ नाहीं तें मिळविणें हा योग. जें मिळालें त्याचें रक्षण करणें हा क्षेम. माझ्या असें ध्यानांत आलें कीं, गाडी घेणारीं घरें योगाचा विचार महिना-महिना करतात, आणि क्षेमाचा विचार पेढे वांटून झाले कीं सोडून देतात. वास्तविक दुचाकीच्या बाबतींत योग सोपा असून क्षेमच कठीण आहे.

योगाचा पहिला प्रश्न, गाडी केवढी असावी? आमच्या चिरंजीवांचें मन दीडशें घनसेंटिमीटरच्या एका फुगीर टाकीच्या गाडीवर बसलें होतें. मी त्यास विचारलें, "तुझ्या वाटेवर ताशीं साठ किलोमीटरच्या वर गाडी नेतां येईल अशी जागा किती?" त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें, "काका, फारशी नाहीं." शंभर घनसेंटिमीटरच्या गाडीची शक्ति सुमारें आठ अश्वशक्ति आणि वजन ११० किलोच्या आसपास असतें. गर्दींत क्षणोक्षणीं थांबावें, पाय टेकावा, जिन्याखालीं गाडी वळवून लावावी, या कामांना हलकी गाडीच बरी. ज्यास रोज मागें माणूस बसवून उड्डाणपूल चढावयाचे आहेत त्यानें सव्वाशेंची घ्यावी. त्याहून मोठी गाडी शहरांतल्या कचेरीसाठीं घेणें म्हणजे हौसेचा खर्च गरजेच्या खात्यांत लिहिणें होय. गाडी पाहावयास जाल तेव्हां चालविणाऱ्यास बसवून त्याचे दोन्ही तळवे जमिनीस टेकतात कीं नाहीं हें अवश्य पाहा. ट्यूब नसलेले टायर मिळत असतील तर थोडे अधिक पैसे द्यावे. कारण त्यांत खिळा घुसला तरी हवा बहुधा हळूहळू जाते, आणि माणसास कडेला येण्यास वेळ मिळतो.

दुसरा प्रश्न किंमतीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशें घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून आम्ही दसऱ्यापर्यंत थांबलों. तरीहि वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं दुकानांतील पाटीवरची किंमत ही गाडीची किंमत नव्हे. पाटीवर पाऊण लाखाच्या आसपास आंकडा होता; पण राज्याचा एकरकमी मार्गकर, नोंदणी आणि विमा मिळून वहींत खर्च पडला जवळजवळ नव्वद हजार. यांपैकीं विम्याबद्दल कुरकुर करूं नये. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पांच वर्षांचा तृतीयपक्ष-विमा घ्यावाच लागतो, म्हणजे आपल्या गाडीनें दुसऱ्याची हानि झाली तर तिची भरपाई होते. मात्र आपल्या गाडीचा स्वतःचा विमा वर्षावर्षानें नूतन करावा लागतो, आणि तेथेंच लोक विसरतात. दुकानदाराच्या कागदावर आणखी तीन ओळी होत्या: हाताळणी खर्च, झिलई आणि 'किरकोळ'. मी चष्मा पुसून, या ओळी कोणत्या नियमान्वयें, एवढेंच विचारलें. दोन ओळी तेथल्या तेथें गेल्या. तिसरी निम्मी झाली. तरुण मुलास एकट्यास खरेदीस पाठवूं नये तें यासाठीं. त्याचें लक्ष रंगाकडे असतें.

दसऱ्यास, २ ऑक्टोबरला, गाडी दारांत आली. मातोश्रींनीं हळदकुंकू वाहिलें, चाकाखालीं लिंबू ठेवलें, आणि एमएच ०५ हीं कल्याण कचेरीचीं अक्षरें मिरवीत चिरंजीव दुसऱ्या दिवशीं कामावर गेले.

आतां ही वाट कशी आहे तें सांगितल्यावांचून पुढील गोष्ट समजणार नाहीं. डोंबिवलीहून ठाणें लोहमार्गानें अवघें १४ किलोमीटर. पण मध्यें खाडी आणि पारसिकचा डोंगर असल्यामुळें रस्त्यानें वळसा पडतो. एक वाट शीळफाट्यावरून मुंब्र्यास जाते. दुसरी कल्याणास दुर्गाडीपाशीं खाडी ओलांडून भिवंडीच्या बाजूनें माजिवड्यास उतरते. आतां मोठागांवाहून माणकोलीस जाणारा पूल झाल्यामुळें डोंबिवलीकरांना ही बाजू पुष्कळच जवळ आली आहे. परंतु कोणतीहि वाट घ्या, सोबत असते ती मालमोटारींची. भिवंडीच्या गोदामांचा आणि बंदराहून गुजराथेकडे जाणारा माल याच रस्त्यांवरून वाहतो. या प्रचंड वाहनांच्या डाव्या कुशीस असलेली दुचाकी त्यांच्या चालकास दिसतच नाहीं. म्हणून मी पुतण्यास पहिला नियम घालून दिला: मालमोटारीच्या मागें राहा किंवा स्पष्ट पुढें जा, तिच्या बरोबरीनें डावीकडून चालूं नको.

दुसरा शत्रु खड्डा. २०१८ च्या पावसाळ्यांत एकट्या कल्याण परिसरांत खड्ड्यांपायीं पांच माणसें गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पाणी भरलेला खड्डा किती खोल आहे हें कोणासहि सांगतां येत नाहीं, आणि चार चाकांस जो नुसता हिसका तो दोन चाकांस घात ठरतो. म्हणून आमच्या घरीं असें ठरलें कीं, पावसाच्या चार महिन्यांत चिरंजीवांनीं गाडी घर ते स्टेशन एवढीच न्यावी आणि पुढें सकाळची लौकरची, कमी गर्दीची लोकल धरावी. मातोश्रींचें आणि बंधूंचें, दोघांचेंहि समाधान झालें.

येथवर मी स्वतःस मोठा शहाणा समजत होतों. तो अभिमान तीन आठवडेहि टिकला नाहीं.

दिवाळीपूर्वींची संध्याकाळ. मला फडके रस्त्यावर कांहीं सामान आणावयाचें होतें. पुतण्या म्हणाला, "काका, बसा मागें, पांच मिनिटांत पोंचवतों." गाडीबरोबर दुकानांतून एक हेल्मेट मिळालें होतें, तें त्याच्या डोक्यावर होतें. मला तो म्हणाला, "दुसरें घ्यायचें राहिलेंच आहे. रिक्षानें जायचें का?" मी उत्तरलों, "अरे, फडके रस्त्यापर्यंत तर जायचें! मी काय ठाण्यास निघालों आहें?" ज्या माणसानें महिनाभर घरांत सुरक्षेवर प्रवचनें झोडलीं, तोच उघड्या डोक्यानें मागें बसला.

वळणावर पावसाळी खड्डा बुजविण्यासाठीं टाकलेली खडी सुटी होऊन पसरली होती. गाडीचा वेग ताशीं वीसहि नसेल. पुढचें चाक सरकलें आणि आम्ही दोघे डाव्या अंगावर पडलों. चालविणाऱ्याच्या हातांत निदान मूठ असते; मागच्यास धरावयास कांहींच नसतें. माझें कोपर सोललें, मनगट मुरगळलें, आणि डोकें जेथें टेकलें तेथून दुभाजकाचा दगडी कोपरा वीतभर अंतरावर होता. लोकांनीं उठवून बसविलें. पुतण्या मला पुनःपुन्हा विचारीत होता, "काका, डोक्याला लागलें का?" त्याचा आवाज कांपत होता. त्या पोराच्या चेहऱ्यावर त्या वेळीं जें भय होतें, तें माझ्या हट्टानें त्याच्या पदरीं आलें, याची लाज मला अजून वाटते. मला कांहीं झालें असतें तर मी सुटलों असतों. तो मात्र जन्मभर त्या ओझ्याखालीं राहिला असता.

मनगटास पट्टी बांधून घरीं बसलों असतां मी सरकारी अहवालांतील आंकडे काढून घेतले. २०२२ या एका वर्षांत भारतांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत शेंकडा ४४.५ दुचाकीवरचीं. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९, आणि त्यांपैकीं १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते, मागें बसले होते. मागें बसणारे म्हणजे कोण? कोणाची पत्नी, कोणाची आई, कोणाचा माझ्यासारखा काका. घरोघरीं चालविणाऱ्या मुलासाठीं हेल्मेट घेतलें जातें, आणि मागच्या माणसाचें डोकें जणूं घरच्या हिशोबांतच धरलेलें नसतें. कायद्यांत तर दोघांसहि तें सक्तीचें आहे. त्याच ऑक्टोबर महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें खड्ड्यांमुळें मरण आल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. आदेश उत्तम आहे. परंतु ज्या घरांत ते ६ लाख येतील त्या घरावर तशी पाळी न यावी हेंच खरें.

दुसरें हेल्मेट दुसऱ्याच दिवशीं आलें. तें घेतांना आय.एस.आय. ची खूण पाहावी. १ जून २०२१ पासून ती नसलेलें दुचाकीचें हेल्मेट विकण्यास बंदी आहे. रस्त्याच्या कडेला दोनशें रुपयांस मिळतें तें टोपलें डोक्याचें रक्षण करीत नाहीं, केवळ हवालदाराची समजूत घालतें. गळ्याखालचा पट्टा न लावल्यास हेल्मेट असून नसल्यासारखें.

या निमित्तानें भगिनीवर्गास दोन शब्द. साडी नेसून मागें बसतांना पदर व निऱ्या चाकापासून दूर आहेत ना, हें पाहूनच "चल" म्हणावें. मागच्या माणसासाठीं धरावयास मूठ, पाय ठेवण्यास आधार आणि मागच्या चाकाचा अर्धा भाग झांकणारी जाळी असलीच पाहिजे असा नियम आहे. दिसण्यास बरी नाहीं म्हणून ती जाळी मुलें काढून टाकतात, ती काढूं देऊं नये. दोघांपलीकडे तिसरें माणूस कदापि नको. स्कूटरवर पुढें एक मूल उभें, मध्यें एक आणि मागें पत्नी, असे आपण पूर्वीं हिंडलों खरे. परंतु निभावलें म्हणून तें योग्य ठरत नाहीं. नऊ महिने ते चार वर्षें वयाच्या बालकास न्यावयाचें तर चालविणाऱ्याच्या अंगास बांधण्याचा पट्टा, बालकाचें लहान हेल्मेट आणि ताशीं चाळिसांच्या आंत वेग, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून अंमलांत आला आहे. आणि गाडीची किल्ली अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं लागेल अशी खुंटीवर टांगूं नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या अपराधाबद्दल पालकास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

यंत्राच्या क्षेमास फारसें कांहीं लागत नाहीं. नियमितपणा तेवढा लागतो. आमच्याकडे रविवारीं सकाळीं अर्धा तास गाडीस दिलेला आहे. टायरमधील हवा पुस्तिकेंत लिहिल्याप्रमाणें तपासावी. मागें माणूस बसणार असेल तर मागच्या टायरला अधिक हवा लागते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. साखळी पुसून तिला तेल द्यावें आणि ती फार सैल किंवा फार ताठ नाहीं हें पाहावें. ब्रेक दाबून पाहावे. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशें घनसेंटिमीटरपर्यंतच्या गाड्यांत पायाचा ब्रेक दाबला कीं पुढच्या चाकासहि थोडा ब्रेक लागतो, अशी जोड दिलेली आहे. पण दोराच सैल असेल तर ती जोड काय करणार? इंजिनचें तेल पुस्तिकेंतील अंतरावर बदलावें. मेकॅनिक "अजून चालेल" म्हणाला तरी बदलावें. प्रदूषणाचा दाखला आणि विमा यांच्या मुदती मीं देवघराजवळच्या दिनदर्शिकेवर तांबड्या शाईनें लिहून ठेवल्या आहेत.

शेवटीं वहीचा हिशोब. रोजचें जाणें-येणें सुमारें ४५ किलोमीटर, महिन्याचें हजाराच्या आसपास. शहराच्या गर्दींत लिटरास ५५ किलोमीटर पडले तर १८ लिटर पेट्रोल, म्हणजे जवळजवळ १,९०० रुपये. त्यांत तेल, दुरुस्ती, विमा यांचा वांटा धरला कीं अडीच हजार होतात. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा पास याच्यापुढें कांहींच नव्हे. तेव्हां दुचाकीनें पैसा वांचतो असें कोणी सांगेल तर लोकलनें जाणाऱ्यानें तें खरें मानूं नये. वांचतो तो वेळ. पुतण्या आतां दिव्यांच्या वेळेस घरीं असतो, आजीजवळ दहा मिनिटें बसतो, आणि रात्रीचीं पानें एकत्र मांडलीं जातात. एकत्र कुटुंबांत या वस्तूची किंमत वहींत लिहितां येत नाहीं.

आमच्या दारामागें आतां दोन खुंट्या आहेत आणि दोन्हीवर हेल्मेटें आहेत. कोणी बाहेर निघाला कीं मातोश्री विचारतात, "दोन्हीं घेतलींस ना रे?" फटफटी घ्या असें प्रथम त्याच म्हणाल्या होत्या, तिच्या क्षेमाची काळजीहि त्यांनींच आपल्याकडे घेतली आहे. ज्या घरांत गाडी यावयाची असेल त्या घरीं हा प्रश्न विचारणारें वडील माणूस असावें, एवढीच माझी वाचकांस विनंती.